कॉफीच्या मळ्यात पाचोळा कोणी जाळत नाही
(ऊस विकास विभागाकडून)



मथळा वाचून आपल्यापैकी काहीजण हसतील. साखर कारखान्याच्या अंकात कॉफीचं काय काम, असंही विचारतील. गेल्या उन्हाळ्यात गळीत हंगाम आटोपल्यावर आम्ही विभागातली माणसे मंड्याकडे उसाच्या रोपवाटिका पाहण्यास गेलो होतो. हाताशी दोन दिवस होते म्हणून कोडगू आणि चिक्कमगळूर या जिल्ह्यांतले कॉफीचे मळेही पाहून आलो. रोपवाटिकेत पाहिले ते आपल्याला बरेचसे ठाऊक होते. कॉफीच्या मळ्यात पाहिले ते मात्र सभासदांना सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण आपल्या कार्यक्षेत्रात उसाची तोड झाली की चौथ्या दिवशी फडाला काडी लागते. आणि माती परीक्षणाच्या पत्रिका आल्या की सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात "कमी" हा शेरा वाचून हेच सभासद आम्हाला कारण विचारतात.

आधी कॉफीची जात समजून घेऊ. कॉफी हे मुळात उघड्या रानाचे पीक नव्हे. आपण पितो त्या कॉफीच्या दोन मुख्य जाती. अरेबिकाचे मूळ इथिओपियाच्या डोंगराळ जंगलात आणि रोबस्टाचे मध्य व पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलात. दोन्ही झुडपे मोठ्या झाडांच्या सावलीत, पाचोळ्याच्या थरावर वाढलेली. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिराने अरबस्तानातून सात बिया आणून चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. आज देशातल्या एकूण कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात होते. त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडू. आपल्या महाराष्ट्रातही विदर्भात चिखलदऱ्याला थोडी कॉफी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मळेवाला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोड्यावरचा गोरा साहेब येतो. तसे आता नाही. देशातले बहुतेक सगळे कॉफी उत्पादक लहान आहेत, दहा हेक्टरांच्या आतले. म्हणजे कर्ज, मजूर आणि भाव या तिन्हींची चिंता त्यांनाही आपल्यासारखीच आहे. म्हणून त्यांचा अनुभव आपल्या उपयोगाचा.

मळ्याचे तीन मजले

कोडगूतला जुना मळा बाहेरून पाहिला तर जंगलच वाटते. सर्वांत वर फणस, शिसव, उंबर, वड, नांद्रुक असली उंच झाडे. त्यांच्याखाली मधल्या मजल्यावर पांगारा. आणि त्याखाली माणसाच्या उंचीला छाटून ठेवलेली कॉफी. उंच झाडांच्या बुंध्यावर मिरीचे वेल चढवलेले असतात. कॉफीचा भाव पडला तर मिरी घर चालवते, आणि मिरी मर लागून गेली तर कॉफी. एकाच जमिनीत दोन पिके, आणि झाड आहे ते आहेच.

यातला पांगारा आम्हाला फार आवडला. आपल्याकडे पांगारा कुंपणाला लावतात आणि विसरून जातात. तिकडे त्याला काम दिलेले आहे. पांगारा द्विदल वर्गातला, म्हणजे हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत धरणारा. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या फांद्या छाटतात. त्या वेळी आभाळ भरलेले असते, कॉफीला उजेड कमी पडतो, म्हणून सावली पातळ करायची. छाटलेला हिरवा पाला तिथेच कॉफीच्या बुडाशी टाकायचा. तो कोवळा आणि नत्रयुक्त असल्याने लवकर कुजतो. पावसाळा सरला की झाड पुन्हा फुटते आणि उन्हाळ्यापर्यंत सावली तयार. छत्री उघडायची-मिटायची तशी ही सावली वर्षभर वरखाली करतात.

सावली किती ठेवावी, हे सगळ्यात कौशल्याचे. फार दाट झाली तर हवा खेळत नाही, पावसाळ्यात पाने ओली राहतात आणि कोळे रोग पडतो. हे नाव आपल्या कोकणातल्या सुपारीवाल्यांना चांगले परिचयाचे आहे. कॉफीवरचा कोळे रोग वेगळ्या बुरशीचा, पण नाव आणि वेळ तीच, भर पावसाची. उलट सावली फार पातळ झाली तर अरेबिकावर पांढरा खोडकिडा तुटून पडतो. याची मादी उन्हातल्या, तापलेल्या खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी आत शिरते आणि खोड पोखरत जाते. बाहेरून झाड पिवळे पडलेले दिसेपर्यंत आत भुसा झालेला असतो. यावर फवारून मारण्याचे औषध फारसे चालत नाही, कारण किडा लाकडाच्या आत. म्हणून तिकडची शिफारस काय? सावली नीट ठेवा, खोडाची सुटलेली साल खरवडून काढा, खोडावर चुन्याची निवळी फवारा, आणि किडके झाड शोधून मुळासकट उपटून जाळा. कॉफीच्या मळ्यात आम्हाला जाळलेले दिसले ते एवढेच, किडके खोड.

पाचोळ्याचा थर

आता मुख्य मुद्दा. मळ्यात पाऊल टाकले की पायाखाली मऊ लागते. वर्षभर झाडांचा पाला गळत असतो. तो कोणी गोळा करत नाही, पेटवत नाही, बांधावर फेकत नाही. आम्ही एका ठिकाणी हाताने थर उकरून पाहिला. वर कोरडी पाने, त्याखाली अर्धवट कुजलेली, त्याखाली काळीभोर भुसभुशीत माती, आणि त्या मातीत कॉफीच्या पांढऱ्या मुळ्यांचे जाळे वरपर्यंत आलेले. कॉफीच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. म्हणूनच ते तण कुदळीने खरवडत नाहीत, कोयत्याने वरच्यावर कापतात आणि कापलेले तिथेच पसरतात. खरवडले तर मुळ्या तुटतात आणि उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्याला जाते.

पाऊसही तिकडे साधा नव्हे. अरेबिकाच्या पट्ट्यात वर्षाला १६०० ते २५०० मिलिमीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढा पाऊस उघड्या डोंगरउतारावर पडला तर काय होईल, याचा विचार करा. इथे तो आधी उंच झाडाच्या पानावर आपटतो, मग पांगाऱ्यावर, मग कॉफीवर, आणि शेवटी पाचोळ्यावर. जमिनीला थेंबाचा मार बसतच नाही. त्यातून जे पाणी वाहू लागते त्याला अडवायला ओळींच्या मधे, उताराला आडवे, पाळण्याच्या आकाराचे लांबट खड्डे खणतात. एका ओळीतला खड्डा दुसऱ्या ओळीतल्या खड्ड्याच्या समोर येऊ देत नाहीत, तिरके-तिरके ठेवतात. पाणी त्यात थांबते, मुरते, वाहून आलेली माती आणि पाने तिथेच साठतात. दोनतीन वर्षांनी तो खड्डा म्हणजे आयते खत. आपल्याकडे समपातळीत चर खणतो, तोच विचार. फक्त तिकडे चराच्या पोटात खतही तयार होते.

या पाण्याचे पुढे काय होते, तेही ऐका. कावेरीचा उगम कोडगूत तळकावेरीला. तिला मिळणारी हेमावती चिक्कमगळूर जिल्ह्यात मुडिगेरेजवळ उगवते. दोन्ही कॉफीच्या मुलखातल्या. हे पाणी कृष्णराजसागर धरणात येते आणि त्या धरणाच्या कालव्यावर मंड्याचा ऊस पिकतो. मंड्याची साखर कंपनी १९३३ साली स्थापन झाली ती याच पाण्याच्या भरवशावर. म्हणजे वरच्या डोंगरात कॉफीवाल्याने पाचोळा राखला, तर खालच्या उसाला उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी. आपलीही स्थिती वेगळी नाही. कृष्णा, कोयना, वारणा, सगळ्या सह्याद्रीच्या माथ्यावरूनच येतात.

सगळे गोड आहे असे मात्र समजू नये. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कोडगूत अतिवृष्टी झाली, ठिकठिकाणी कडे कोसळले, कॉफीचे मळे घरांसकट वाहून गेले. चांगला पाचोळा आणि चांगले खड्डे असले म्हणून तुटलेला डोंगर थांबत नाही. जिथे रस्त्यासाठी, घरांसाठी उतार उभा कापला गेला, तिथे धोका अधिक, हे जाणकार सांगतात. पण मातीचा रोजचा झिजणारा तोटा आणि अशी एका दिवसाची आपत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला आपल्या हातातला आहे.

ज्यांनी सावली तोडली

कॉफी उघड्यावर होत नाही का? होते. जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा ब्राझील ती बहुतेक उघड्यावरच घेतो, सपाट रानात यंत्राने तोडतो, आणि हेक्टरी उत्पादन आपल्या अरेबिकाच्या कितीतरी पुढे असते. हे मान्य केले पाहिजे. उन्हात झाड जास्त फुलते, जास्त धरते. पण त्याला तेवढे खत, तेवढे पाणी सतत द्यावे लागते. कुठे हात आखडला की जादा धरलेले झाड स्वतःची ताकद फळात घालवून बसते, शेंडे वाळतात आणि पुढच्या वर्षी काही नाही.

ब्राझीलचा जुना इतिहास आपल्या सभासदांनी मुद्दाम वाचावा असा आहे. रिओ शहराच्या मागच्या पाराइबा नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात जगातली सर्वांत मोठी कॉफी होती. जंगल तोडायचे, जाळायचे, आणि उतारावर वरून खाली सरळ उभ्या ओळींत कॉफी लावायची. आडव्या नव्हे, उभ्या. मजूर गुलाम होते, आणि उभ्या ओळीत मुकादमाला त्यांच्यावर नजर ठेवणे सोपे जाई. पहिली काही वर्षे राखेच्या आणि जंगलाच्या जुन्या मातीच्या जोरावर पीक जोमदार आले. मग पावसाने ओळीओळीने माती खाली नेली. दोन पिढ्यांत डोंगर उघडे पडले, कॉफी पश्चिमेला साओ पावलो प्रांतात सरकली, आणि मागे गुरांची चराई उरली. खुद्द रिओ शहराला पाणी देणारे तिजुकाचे डोंगरही कॉफीसाठी बोडके झाले होते. झरे आटले, शहराला पाणी मिळेना. शेवटी १८६१ साली बादशहा दुसरा पेद्रो याच्या सरकारने तिथे पुन्हा झाडे लावण्याचा हुकूम काढला. ते जंगल आज उभे आहे. माणसांनी हाताने पुन्हा लावलेले.

आणि गंमत अशी की जिथे ही कॉफी पश्चिमेला सरकली, त्या साओ पावलोच्या जमिनीत आज ब्राझीलचा सर्वांत जास्त ऊस उभा आहे.

सिलोनची गोष्ट त्याहून लहान. तिथे इंग्रजांनी डोंगरच्या डोंगर साफ करून एकच पीक लावले. १८६९ मध्ये पानावर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीसएक वर्षांत कॉफी संपून चहा आला. आपल्या जुन्या मंडळींना को ७४० चा जमाना आणि काणी रोग आठवत असेल. आज को ८६०३२ शिवाय दुसरी कांडी लावायला आपण तयार नसतो. याविषयी पुन्हा कधीतरी सविस्तर लिहू.

कर्नाटकात तांब्याचा धडा लवकर घेतला गेला. बाळेहोन्नूरला १९२५ साली कॉफी संशोधन केंद्र सुरू झाले. तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती तिथे निघत गेल्या आणि सावलीचा अभ्यासही झाला. तरीही आता तिथल्या मळ्यांत बदल होतो आहे, आणि तो चांगला नाही. जुनी देशी झाडे जाऊन त्यांच्या जागी सिल्व्हर ओक येतो आहे. हे मूळचे ऑस्ट्रेलियातले झाड. सरळ वाढते, भराभर वाढते, मिरी चढवायला सोयीचे. मुख्य म्हणजे तोडून विकायला कटकट नाही. देशी शिसव किंवा दुसरे झाड तोडायचे तर वन खात्याच्या परवानग्या. मग शेतकरी साहजिकच देशी रोप उगवले की लहानपणीच उपटून टाकतो. कायदा झाड वाचवण्यासाठी केला, आणि त्याच कायद्याच्या भीतीने नवे झाड उभे राहत नाही. आम्हाला यात शेतकऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. फणसाचेही तसेच. फणस पिकला की हत्ती मळ्यात येतात आणि कॉफी तुडवतात, म्हणून काहींनी फणसच काढले. सिल्व्हर ओकचे पान मात्र चिवट, लवकर कुजत नाही, आणि पांगाऱ्यासारखा नत्रही देत नाही. शिवाय भाव चढले की उरलेली सावलीही डोळ्यांत खुपू लागते. २०२४ मध्ये रोबस्टाचे भाव कधी नव्हते इतके चढले. अशा वेळी चार झाडे काढून चार पोती जास्त घ्यावी, हा मोह कोणाला होणार नाही? झाड उभे राहायला तीस वर्षे लागतात आणि कापायला अर्धा तास.

एक गोष्ट जाता जाता. कॉफीचे ताजे फळ पल्परमध्ये घालून साल आणि चिकट गर धुऊन काढतात. ते पाणी साखरेने भरलेले असते आणि ओढ्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू खाऊन मासे मारते. तोडणी हिवाळ्यात, तेव्हाच ओढे आटलेले. त्यामुळे पाणी टाक्यांत घेऊन शुद्ध करावे लागते आणि सालीचे खत करतात. मळीचे सांडपाणी आणि प्रेसमड यांचा अनुभव असलेल्या आपल्या सभासदांना याहून जास्त सांगायला नको.

आपल्या फडात यातले काय चालेल

उसात फणस लावा असे आम्ही म्हणत नाही. उसाला भर ऊन लागते, सावलीत ऊस बारीक होतो आणि साखर भरत नाही. बांधावर दोन झाडे असावीत, एवढेच. पण पाचोळ्याची गोष्ट सरळ आपल्याला लागू आहे.

एकरी तीन ते चार टन पाचट तोडीनंतर रानात पडते. त्यात वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त कर्ब असतो आणि साधारण अर्धा टक्का नत्र. हिशेब करा: एकरी पंधरा ते वीस किलो नत्र, म्हणजे युरियाची पाऊण ते एक गोणी. काडी लावली की नत्र धुरात गेला, कर्बही गेला. उरली ती राख. वर जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू भाजले, ते वेगळेच. तीच गोणी मग सोसायटीतून उधारीवर आणायची.

मात्र एक फरक लक्षात घ्या. कॉफीचा पाला वर्षभर थोडा-थोडा गळतो, सावलीत ओला राहतो आणि त्यात पांगाऱ्याचा हिरवा पाला मिसळतो. आपले पाचट एकाच दिवशी पडते, वाळलेले आणि कडक. त्यात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी. नुसते टाकून दिले तर कुजायला वेळ लागतो, आणि कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र उचलतात, खोडवा पिवळा पडतो. मग सभासद म्हणतो, पाचट ठेवलं म्हणून ऊस बसला. म्हणून पांगाऱ्याचे काम इथे युरियाने करायचे. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू शेणखतात मिसळून. आधी बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटून घ्या. पाचट सरीत दाबून बसवा, वर हे पसरा आणि पाणी द्या. ओल टिकली पाहिजे.

पाचट असताना खत कसे द्यायचे, हा नेहमीचा प्रश्न. पहार घ्या. बुडख्यापासून चार ते सहा इंचांवर, सहा इंच खोल भोक, फूटभर अंतराने. पहिला हप्ता तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत एका बाजूला, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. खत मुळाशी पडते, उडून किंवा वाहून जात नाही, आणि नांगर, भरणी, खुरपणी यांचा खर्च वाचतो.

उंदरांची तक्रार खरी आहे, पहिल्या वर्षी त्रास होतो. सरीत पाणी पुढे सरकत नाही हेही खरे. चढाच्या रानात पाचट सरीआड सरी ठेवून पाहावे: एका सरीत पाचट, शेजारची पाण्याला मोकळी. ठिबक असलेल्यांना ती अडचणच नाही. ज्या रानात हुमणी किंवा काणी फार आहे, त्यांनी पाचट ठेवण्यापूर्वी गट ऑफिसला एकदा रान दाखवावे. काणीची बेटे मुळासकट काढून जाळावीत. जाळायचे ते तेवढेच.

पाचट कुजविण्याचे जिवाणू प्रत्येक गट ऑफिसात ठेवले आहेत. किती एकर खोडवा राखणार आहात, तो आकडा तोडीची पाळी लागण्याआधी आठ दिवस आपल्या गटाच्या चिटबॉयकडे लिहून द्यावा, म्हणजे माल कमी पडणार नाही. टोळीचा मुकादम रान लवकर मोकळे व्हावे म्हणून परस्पर काडी लावत असेल तर त्याला तोडीच्या दिवशीच रानात उभे राहून सांगावे लागेल. आमचे शेतकी मदतनीस त्या वेळी बरोबर येतील, बोलावणे मात्र आदल्या दिवशी यावे.